घाबरट मांजरासाठी कॅरियर: आधी झाकण बघा, मग बाकीचं

मांजराचा कॅरियर, म्हणजे त्याला दवाखान्यात किंवा प्रवासात न्यायचा डबा, निवडताना लोक रंग बघतात, आतली मऊ गादी बघतात, चाकं आहेत का ते बघतात. मांजर घाबरट असेल तर या तिन्ही गोष्टी दुय्यम. मांजराने आत जायला साफ नकार दिला तर हा डबा किती बाजूंनी उघडतो, आणि मांजर आत बसलेलं असताना त्याचं वरचं झाकण फारसा आवाज न करता काढता येतं का, हे दोन प्रश्न विचारून निवड करायची. कॅरियरचे नेहमीचे प्रकार इथे याच निकषावर पारखले आहेत. सोबत फेरोमोनचा (मांजरं एकमेकांना खूण म्हणून सोडतात त्या गंधद्रव्याचा) फवारा, औषधं आणि मांजराला आत घालण्याची रीतही आहे, कारण डबा कितीही चांगला असला तरी तो नुसता आणून ठेवल्याने मांजर आत जात नाही.

समोर एकच छोटं दार असलेला कॅरियर घेऊ नका. मांजराला तोंडाकडून आत ढकललं की त्याला समोर बंद, अंधारी भिंत दिसते. ते पुढचे पाय चौकटीला रोवतं, मागचे पसरतं आणि तुमच्या हातांच्या मधून उलटं बाहेर येतं. दवाखान्यात याच्या उलट होतं. बाहेर यायचं नसलेलं मांजर मागच्या कोपऱ्यात चिकटून बसतं आणि कुणीतरी डबा तिरपा करून हलवतं किंवा हात घालून ओढतं. मग पुढच्या वेळी डबा नुसता दिसला तरी मांजर पलंगाखाली. हे चक्र डब्याच्या रचनेतूनच सुरू होतं.

दोन भागांचा कडक प्लॅस्टिकचा कॅरियर

घाबरट मांजरासाठी पहिली पसंती याच प्रकाराला. समोर दार, छतावर दुसरं दार, आणि बाजूच्या क्लिपा उघडल्या की वरचा अर्धा भाग पूर्ण निघतो. डॉक्टर मांजराला खालच्या भागातच बसलेलं ठेवून तपासू शकतात. हृदयाचे ठोके, पोट, कान, लसीचं इंजेक्शन, सगळं तिथेच. घाबरलेल्या मांजराला लपायला तीन भिंती उरतात आणि त्याला कुणी ओढून काढत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी हा प्रकार बाकीच्यांच्या पुढे जातो.

माप असं घ्या: मांजर डोकं न वाकवता उभं राहिलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे आणि पाय दुमडून आरामात बसता आलं पाहिजे. त्याहून फार मोठं नको. मोठ्या डब्यात ब्रेक लागला की मांजर घसरत जाऊन भिंतीवर आपटतं. अंदाजासाठी, ट्रिक्सी कंपनीचा कॅप्री १ हा ४८ × ३२ × ३१ सेंटिमीटरचा आणि ६ किलोपर्यंतच्या मांजरासाठी आहे, तर कॅप्री २ हा ५५ × ३७ × ३४ सेंटिमीटरचा आणि ८ किलोपर्यंतचा. ४ ते ५ किलोच्या मांजराला पहिलं माप पुरतं, अंगाने लांब बोक्याला दुसरं. छापलेली मापं बहुतेकदा बाहेरची असतात. असे डबे खाली निमुळते होत जातात, त्यामुळे तळ त्याहून काही सेंटिमीटर लहान भरतो. दुकानात टेप आतून, तळाला लावा.

आता खरी तपासणी क्लिपांची. बहुतेक डब्यांत उचलायची मूठ वरच्या भागावर असते, म्हणजे मांजर आणि तळ यांचं सगळं वजन बाजूच्या चार-सहा प्लॅस्टिक क्लिपांवर लोंबतं. त्यातली एक अर्धवट लागली असेल तर जिन्यात तळ सुटतो. कॅरियर आणल्यावर त्यात पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या सहा बाटल्या आडव्या ठेवा, मुठीने उचला, हळू हेलकावे द्या आणि दोन भागांमधली फट बघा. बोट जाईल एवढी फट पडली तर तो डबा परत करा. नट-बोल्टचे डबे भक्कम असतात, पण दवाखान्यात टेबलावर सहा बोल्ट सोडवत बसावं लागलं तर मूळ फायदाच जातो. रोजच्या कामाला क्लिप बरी. विमानाच्या मालकप्प्यातून मांजर न्यायचं असेल तर मात्र धातूचे नट-बोल्ट आणि धातूचं दार लागतं, अनेक विमान कंपन्या तसा आग्रहच धरतात.

दारात एक फसगत असते. जाळीच्या दाराला वर आणि खाली टोकं असतात, ती दोन्ही भागांतल्या छिद्रांत बसतात. झाकण घाईत लावलं की खालचं किंवा वरचं टोक छिद्राबाहेर राहतं. दार कडीच्या बाजूने नीट बंद दिसतं आणि बिजागरीच्या बाजूने मांजर डोक्याने ढकलून बाहेर पडतं. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी बिजागरीकडची बाजू अंगठ्याने दाबून बघायची, दोन सेकंदांचं काम आहे. पूर्ण प्लॅस्टिकचं दार वाकतं, तारेचं नाही. दोन्ही बाजूंनी उघडणारं दार असेल तर उत्तम, पण मग दोन कड्या तपासायच्या.

छतावरचं दार असलं म्हणजे झालं असं नाही. काही डब्यांत ते इतकं लहान असतं की मांजर धरलेले दोन हात त्यातून जातच नाहीत. खांदे आणि तुमची मनगटं एकदम आत जातील एवढं तोंड हवं. काही डब्यांत मूठ त्या छताच्या दारावरच बसवलेली असते, म्हणजे सगळा भार त्या दाराच्या कडीवर. असा डबा घेतलाच तर मूठ विसरा आणि खालून दोन्ही हातांनी उचला. खरं तर कुठलाही कॅरियर तसाच उचलायचा, छातीशी धरून. मुठीने धरलेला डबा चालताना झुलतो, गुडघ्याला आणि चौकटीला आपटतो, आणि घरातून गाडीपर्यंत जातानाच मांजराचा धीर सुटतो.

शेवटची बारीक तपासणी: हवेच्या फटींच्या आतल्या कडांवरून बोट फिरवा. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकला कधी कधी धारदार कंगोरे राहतात, त्यांत नख अडकून तुटतं. बारीक पॉलिशपेपरने घासून टाका. आणि क्लिपेचा आवाज ऐका. कानापाशी खटकन वाजणारी क्लिप घाबरट मांजराला पुरे होते, म्हणून अंगठा आड धरून ती हळू सोडायची सवय लावून घ्या.

तारेची टोपली, कापडी पिशवी आणि बाकीचे

प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या तारेची, पूर्ण छत उघडणारी टोपली मांजर वरून आत सोडायला सगळ्यात सोपी. धुवायलाही सोपी. दोष एकच, पण मोठा: मांजर चारही बाजूंनी उघडं पडतं. टॉवेलने झाकल्याशिवाय ही वापरू नये. बुजऱ्या मांजरासाठी कडक डबा मिळत असताना हिच्या मागे लागण्याचं कारण नाही.

कापडी कॅरियर हलका, घडी होणारा आणि खांद्याला अडकवता येणारा. विमानात पायाशी ठेवायचा तर बहुधा हाच लागतो, कारण तो सीटखाली थोडा दबतो. घाबरट मांजराच्या बाबतीत त्याचे दोष मात्र ठळक आहेत. पहिला, तळ. उचलला की मधोमध झोळी होते, मांजराला पायाखाली घट्ट जमीन लागत नाही आणि ते पंजे रोवून ताठ बसतं. आत तळाच्या मापाची कडक फळी हवीच. सोबत आलेला पुठ्ठा एकदा शू झाली की भिजून लिबलिबीत होतो, त्या जागी पातळ प्लॅस्टिकची शीट कापून घाला. दुसरा, चेन. दोन चेनी कोपऱ्यात मिळतात तिथे बोटभर जागा उरली तरी मांजर नाक घालून ती उघडतं. दोन्ही ओढण्या एकमेकींना अडकवणारा हुक असेल तोच घ्या, नसेल तर छोटी कडी लावा. तिसरा, जाळी. पातळ नायलॉनची जाळी नखाने फाटते. अंगठ्याने ताणून बघा, भोकं रुंदावली तर ती टिकणार नाही. चौथा दोष बहुतेकांच्या लक्षात येत नाही: बाजू मऊ असल्याने छत मांजराच्या पाठीवर येतं. शिवणीत तार किंवा रॉड असलेला, स्वतःच्या ताकदीवर उभा राहणारा नमुना निवडा. छताची चेन तीन बाजूंनी उघडत असेल तर मांजर वरून आत ठेवता येतं आणि दवाखान्यात अर्धवट उघडून तपासताही येतं. ही सोय असेल तर कापडी कॅरियर शांत मांजराला चालतो. भीतीने शू करणाऱ्या मांजराला नाही, कारण शिवणीत मुरलेला वास जात नाही आणि तोच वास पुढच्या वेळी त्याला घाबरवतो.

पारदर्शक घुमट असलेली पाठीवरची बॅग फोटोत छान दिसते. उन्हात घुमटाखालची हवा तापते, हवेची भोकं थोडी असतात, मांजराला आडवं पडायला जागा नसते, आणि लपावंसं वाटणाऱ्या प्राण्याला चौफेर रस्ता दाखवला जातो. घाबरट मांजरासाठी नको. चाकांचा कॅरियर खडबडीत जमिनीवर सगळी थरथर थेट पोटाखाली पोचवतो. वजन उचलता येत नसेल तरच घ्या, आणि तळाला जाड फोम घाला.

अपघातातली सुरक्षितता हा वेगळा मुद्दा. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१५ साली कॅरियरांच्या धडक-चाचण्या घेतल्या. त्यांत स्लीपीपॉड कंपनीचा मोबाइल पेट बेड हा कॅरियर, त्याच्या जोडपट्ट्यासह, चांगला ठरला. हा गोल बिछान्यासारखा असून वरचा घुमट चेनने निघतो, त्यामुळे एरवी घरात तो मांजराची झोपायची जागा म्हणून राहतो. सवयीच्या दृष्टीने ही रचना हुशार आहे. सपाट बाजू नसल्याने जागा मात्र खातो, आणि मोठ्या अंगाच्या बोक्याला अपुरा पडतो. इतर कुठल्याही कॅरियरवर 'सुरक्षित' असं छापलं असेल तर कुठली चाचणी, किती वजनावर, हे विचारा. पट्टा अडकवायला नुसता एक फासा शिवलेला असणं म्हणजे चाचणी नव्हे.

आत काय घालायचं

सगळ्यात खाली घसरणरोधक रबरी चटईचा तुकडा, तळाच्या मापाने कापलेला. त्यावर शोषून घेणारा पॅड, त्यावर मांजर रोज जिच्यावर झोपतं ती चादर किंवा टॉवेल, न धुतलेला. धुतला तर त्याचा स्वतःचा वास जातो आणि आपली सगळी मेहनत पाण्यात. वर आणखी एक टॉवेल सैल ठेवा, मांजर त्याखाली डोकं घालतं. बदलायला एक पूर्ण जोड पिशवीत असू द्या.

आत जायची सवय

इथे घाई केली की सगळं बिघडतं. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२ मांजरं होती. त्यांतल्या एका गटाला सहा आठवड्यांत २८ वेळा कॅरियरचा सराव दिला. सराव झालेल्या मांजरांवर गाडीत ताण कमी दिसला आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. म्हणजे प्रवास ठरल्यावर दोन दिवस आधी कॅरियर खाली काढणं हे वरातीमागून घोडं.

कॅरियर माळ्यावर ठेवायचाच नाही. नवा असेल तर वास नसलेल्या सौम्य साबणाने धुऊन हवेशीर जागी वाळवा. मग फक्त खालचा अर्धा भाग, वर सांगितलेला बिछाना घालून, मांजर एरवी जिथे लोळतं तिथे ठेवा आणि त्याकडे दुर्लक्ष करा. काही मांजरं दुसऱ्या दिवशी त्यात झोपतात, काहींना दोन आठवडे लागतात. जेवणाची वाटी आधी मीटरभर लांब, मग कडेला, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीशी. मांजर तिथे शांतपणे, मागे वळून न बघता खायला लागलं की झाकण लावा, दार नाही. झाकणाने पुन्हा बिघडलं तर वाटी परत तोंडाशी आणा.

दार लावण्याचा टप्पा सगळ्यात नाजूक. मांजर आत खात असताना दार एक सेकंद टेकवा, जाळीतून चाटायचा खाऊ द्या, आणि ते बाहेर पडायला वळण्याआधीच दार उघडा. नंतर ३ सेकंद, १०, ३०, मग काही मिनिटं. त्यानंतर डबा जमिनीपासून ५ सेंटिमीटर उचलून खाली. मग खोलीभर चालणं. मग बंद गाडीत ठेवणं, इंजिन सुरू करून बंद करणं, दोन मिनिटांची फेरी आणि घरी. प्रत्येक सराव २ ते ५ मिनिटांचा, दिवसातून एकदा किंवा दोनदा, भूक लागलेली असताना.

पुढे जायचं की नाही हे मांजराच्या तोंडावरून ठरवा. खातंय म्हणजे ठीक. आवडीचा खाऊ नाकाशी असूनही खात नाही, कान आडवे, अंग दबलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, म्हणजे दोन पायऱ्या मागे जा. लोक चुकतात ते एकाच ठिकाणी: मांजर पहिल्यांदा स्वतःहून आत जातं, त्याच दिवशी दार लावून त्याला दवाखान्यात नेतात. तीन आठवड्यांचा विश्वास त्या एका दुपारी संपतो. सराव चालू असताना तातडीने न्यायची वेळ आलीच तर सरावाचा कॅरियर तसाच ठेवून दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या डब्यातून न्या.

सराव झालेला नाही आणि आजच जायचं आहे

निघायच्या तासभर आधी मांजराला अशा खोलीत बंद करा जिथे पलंग, कपाट, फ्रिज यांच्यामागे शिरायला जागा नाही. न्हाणीघर सोयीचं. कॅरियर आधीच तिथे, झाकण काढलेला. घरभर पाठलाग केला की मांजराचा पारा चढतो आणि मग निदान अर्धा-पाऊण तास काही जमत नाही. आत एकच माणूस जाईल, सावकाश, डोळ्यांत न बघता.

मोठा, जाड आंघोळीचा टॉवेल वापरा. मागच्या बाजूने मांजराच्या अंगावर टाका, डोक्यासकट झाकलं तरी चालेल. दोन्ही बाजूंनी कडा अंगाखाली सरकवा, पुढचे पंजे टॉवेलच्या आत राहतील असे. मानेपुढून एक पदर घ्या, पण घसा आवळू नका. मग एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली देऊन टॉवेलसकट उचला आणि तळात ठेवा. टॉवेल आतच राहू द्या. वरून झाकण, क्लिपा, बिजागरीची तपासणी. मांजर त्याच्या कापडी गुहेसारख्या बिछान्यात लपलं असेल तर आणखी सोपं. तो बिछाना तळात मावत असेल तर मांजरासकट उचलून ठेवा.

समोरून उघडणारा डबाच हाताशी असेल तर तो भिंतीला टेकवून उभा करा, दार वर. मांजराला मागच्या पायांकडून खाली सोडा. एका हाताने मागचे दोन्ही पाय एकत्र धरलेले, दुसरा छातीखाली. मागे काय आहे ते त्याला दिसत नाही आणि पाय रोवायला चौकट मिळत नाही. दार लावून झाल्यावर डबा धरून हळूहळू आडवा करा.

मानगूट धरून उचलणं सोडा. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फिलाइन मेडिसिन यांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनाही त्याच्या विरोधात आहेत. मानगूट धरल्यावर गप्प झालेलं मांजर शांत झालेलं नसतं, भीतीने गोठलेलं असतं. जाड चामड्याचे हातमोजेही टाळा, पकडीचा अंदाज येत नाही आणि नकळत जोरात दाबलं जातं. दोन प्रयत्न फसले आणि काम तातडीचं नसेल तर थांबा, डॉक्टरांना फोन करून दुसरी वेळ घ्या आणि औषधाबद्दल विचारा. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर लगेच सोडून द्या. ते दोन-तीन मिनिटांत थांबलं नाही तर ती स्वतःच तातडीची बाब आहे. आणि मांजर चावलं तर जखम वरवर लहान दिसते, पण दात खोल जातात आणि एका दिवसाच्या आत सूज चढू शकते. साबणपाण्याने पुष्कळ वेळ धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

फवारा आणि औषधं

फेलिवे क्लासिक हा मांजराच्या गालांतून सुटणाऱ्या फेरोमोनची नक्कल असलेला फवारा. रिकाम्या कॅरियरच्या प्रत्येक कोपऱ्यात एक-एक आणि तळाला व छताला दोन-दोन, असे आठ ते दहा फवारे मारायचे आणि १५ मिनिटं थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. द्रावणात अल्कोहोल असतं, ते उडून जाण्याआधी मांजर आत घातलं तर त्या वासानेच ते बिथरतं. मांजर आत असताना फवारायचं नाही. परिणाम चार-पाच तास टिकतो. अपेक्षा माफक ठेवा: थोडं अस्वस्थ मांजर याने सैलावू शकतं, पण दार दिसताच ओरबाडणारं मांजर याने बदलत नाही. सरावाची जागा फवारा घेत नाही.

त्या दुसऱ्या प्रकारच्या मांजराला औषध लागतं, आणि ते द्यायला कचरण्याचं कारण नाही. गॅबापेंटिन पशुवैद्य बऱ्याचदा देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २० मांजरांच्या चाचणीत निघण्याच्या ९० मिनिटं आधी १०० मिलिग्रॅमची एक मात्रा दिली होती आणि प्रवासातला ताण कमी झाला होता. पेंग येणं, चाल डगमगणं, लाळ गळणं हे दिसू शकतं आणि काही तासांत ओसरतं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची: मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती कमी लागते, आणि माणसांसाठीच्या सिरपमध्ये झायलिटॉल हा साखरेचा पर्याय असू शकतो, म्हणून घरातलं औषध परस्पर देऊ नका. प्रेगाबालिनचं तोंडाने द्यायचं द्रावण, बॉनकॅट, खास मांजरांच्या प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. निघण्याच्या साधारण दीड तास आधी ते देतात. कुठलंही औषध असो, प्रवासाच्या आधी एखाद्या निवांत दिवशी घरी देऊन बघा, म्हणजे त्या मांजरावर ते किती वेळाने आणि किती चढतं ते कळतं. जुन्या पद्धतीने नुसतं ॲसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध दिलं जात असेल तर प्रश्न विचारा. त्याने अंग ढिलं पडतं, रक्तदाब उतरतो, भीती मात्र तशीच राहू शकते.

गाडीत

निरोगी मोठ्या मांजराला निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी द्या. लहान पिल्लं आणि मधुमेही मांजरं यांना हा नियम लावू नका, डॉक्टरांना विचारा. ओठ चाटणं, लाळेची धार आणि मग उलटी ही गाडी लागल्याची लक्षणं. ती दर वेळी दिसत असतील तर भीतीच्या औषधाने भागणार नाही, उलटीचं वेगळं औषध मागा.

कडक कॅरियरची जागा पुढच्या सीटच्या मागे, पायाशी, जमिनीवर. तिथे तो सपाट बसतो आणि कुठे घसरत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅगमुळे नको, बंद डिकीत तर नकोच. सीटवर ठेवून बेल्टने आवळणं सोपं वाटतं, पण त्या नमुन्याची तशी चाचणी झालेली नसेल तर धडकेत बेल्टच डबा चिरडू शकतो. पातळ कापडाने तीन बाजू झाका, चौथी हवेसाठी उघडी. गाडी आधी गार करा, मग मांजर आणा. उभ्या गाडीत 'पाच मिनिटांसाठी' सोडून जायचं नाही, काचा थोड्या खाली असल्या तरी. उन्हात तापमानाची बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मांजर ओरडतं. दार उघडून कुरवाळायला जाऊ नका. लांबच्या प्रवासात थांबाल तेव्हा गाडीची सगळी दारं-काचा बंद करून मगच कॅरियर उघडा, छोटा वाळूचा ट्रे आणि पाणी ठेवा. बहुतेक घाबरट मांजरं दोन्ही नाकारतात. प्रवासात काही तास शू केली नाही तर हरकत नाही. दिवस उलटला तरी केली नाही, किंवा बोका ट्रेमध्ये बसून कुंथतो पण थेंब येत नाही, तर लगेच दवाखाना.

विमानप्रवासात दोन गोष्टी आधी ठरवा. सीटखालची उंची विमान कंपनीकडून लेखी घ्या आणि कॅरियरमध्ये मांजर असताना त्याची उंची मोजा, रिकाम्याची नाही. सुरक्षा तपासणीत कॅरियर यंत्रातून जातो आणि मांजर हातात घ्यावं लागतं. बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती करा. घरून निघतानाच अंगावर घट्ट हार्नेस असू द्या आणि दोरी मनगटाला गुंडाळा. कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप असेल तर तिच्या नोंदीतला फोन नंबर चालू आहे ना, ते आधी बघा.

पोचल्यावर आणि परतल्यावर

प्रतीक्षाकक्षात कॅरियर जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा, दाराचं तोंड भिंतीकडे किंवा तुमच्याकडे. तपासणीच्या खोलीत गेल्यावर आधी दार उघडून दोन मिनिटं वाट बघा. आलं बाहेर तर ठीक, नाहीतर क्लिपा सोडून झाकण उचला आणि त्याच वेळी टॉवेल पुढे सरकवा, म्हणजे मांजर उघडं पडत नाही. डबा तिरपा करायला निघालेल्याला थांबवायचा अधिकार तुमचा आहे.

घरी दुसरं मांजर असेल तर आलेल्याला काही तास वेगळ्या खोलीत ठेवा. अंगाला दवाखान्याचा वास असतो, घरचं मांजर ओळखत नाही आणि फिसकारून अंगावर जातं. कितीही जोडी जमलेली असो, प्रवासात दोघांना एका कॅरियरमध्ये घालायचं नाही. एक बिथरलं की राग शेजारच्यावर निघतो.

धुण्याचं म्हणाल तर शू झालेल्या प्लॅस्टिकला एन्झाइमचं क्लीनर लावून बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ठेवा. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास शूसारखाच असतो. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी फिनॉलची जंतुनाशकं तर मुळीच नकोत. मांजराचं यकृत ती नीट निकामी करू शकत नाही, आणि मांजर पंजे चाटतं. लव्हेंडर वगैरे सुगंधी तेलंही त्याच कारणाने दूर ठेवा.

वर्षातून एकदा क्लिपांच्या खाचांभोवती बघा. प्लॅस्टिकवर पांढरट रेषा उमटल्या असतील तर तिथे ते तडकण्याच्या बेतात आहे. डबा गॅलरीत उन्हात राहत असेल तर हे लवकर होतं. क्लिपा सुट्या मिळत असतील तर दोन जादा घेऊन ठेवा, पण तडा खाचेलाच गेला असेल तर नवी क्लिप धरणार नाही, डबा बदला.